बिनाडीएडच्या बाईंचं गाव

पाच हजारांच्या नोटेवर शाळेतल्या बाई आहेत, असं लेकीने फोनवर सांगितलं तेव्हा मला थट्टाच वाटली. आपल्याकडे नोटेवर गांधीजी. तिकडे चिलीत म्हणे एक मास्तरीणबाई, नोबेल मिळालेल्या कवयित्री गाब्रिएला मिस्त्राल, त्याही डी.एड. न झालेल्या! लेक ला सेरेना गावात दुर्बिणीच्या कामावर असते. "तू ये तर खरी आई, त्यांचं गाव दाखवते," म्हणाली. पेन्शनची कागदपत्रं एकदाची मार्गी लागली आणि मार्चअखेरीस मी निघाले.

'बिनाडीएडच्या' हा शब्द मला का टोचला ते आधीच सांगते. आटपाडीकडच्या एका माळावर २००१ साली वस्तीशाळा निघाली, तिथे मी हजार रुपये मानधनावर लागले. हुद्दा निमशिक्षक. त्यातला 'निम' मला बरीच वर्षं चिकटून होता. डी.एड. मागाहून झालं आणि नोकरी कायम व्हायला २०१४ उजाडलं. तोवर केंद्राच्या बैठकीत आम्हा वस्तीशाळावाल्यांची खुर्ची ठरलेली होती, दाराजवळची.

पहिला दिवस : ला सेरेना

सकाळी पडदा सारला तर समुद्र गायब. खिडकीबाहेर नुसतं पांढरं. इथले लोक या धुक्याला कामान्चाका म्हणतात. पाऊस नाही, थेंब नाही, पण दोरीवरचे कपडे ओले. धुकं किनाऱ्याशीच अडकतं आणि आतल्या डोंगरांवर आभाळ कोरडं ठणठणीत राहतं, म्हणून जगभरच्या दुर्बिणी तिकडे, असं लेकीने समजावलं. न्याहारीला पाकातली पपई होती. इथली पपई मुठीएवढी नि पिवळीधमक. कच्ची कोणी खात नाही, शिजवून पाकात टाकतात. आवळ्याच्या मुरांब्याची आठवण झाली, चव मात्र वेगळीच.

धुकं उठल्यावर बसने नदीपलीकडे लास कॉम्पान्यियास भागात गेलो. आता शहराचीच वस्ती आहे, टपऱ्या, गॅरेजं, कुत्री. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे वेगळं खेडं होतं, कॉम्पान्यिया बाहा. इथल्या शाळेत लुसिला गोदोय अल्कायागा नावाची मुलगी, म्हणजेच पुढे नोटेवर आलेल्या बाई, मदतनीस म्हणून लागली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. दिवसा लहान पोरं, रात्री अक्षरओळख नसलेले कामकरी. त्यातले कित्येक तिच्यापेक्षा वयाने मोठे. घरात कर्ता पुरुष नव्हता. वडीलही मास्तरच, गाणी रचायचे, पण ही तीन वर्षांची असताना घर सोडून गेले ते गेलेच. आई पेत्रोनिला शिवणकाम करायची.

त्याच सुमारास लुसिला इथल्या वर्तमानपत्रांत लिहायला लागली. तेवढ्यानं घात केला. ला सेरेनाच्या नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे तिथल्या अध्यापक विद्यालयात, ती प्रवेशाला गेली तर तिथल्या धर्मगुरूंनी हरकत घेतली. ही पोर छापून आणते ते देवाधर्माला धरून नाही, हिला शिक्षिका करायचं नाही. झालं. दार बंद. पुढे आयुष्यात एक दिवसही ती अध्यापक विद्यालयाच्या वर्गात बसली नाही.

परत नदीअलीकडे, ला सेरेनात आलो. तिथे एक जुनं घर जपून ठेवलंय, पाम झाडांमुळे लास पाल्मेरास म्हणतात. बाईंनी १९२५ साली ते आईसाठी आणि थोरल्या बहिणीसाठी घेतलं. आई १९२९ साली वारली तेव्हा बाई युरोपात होत्या. आम्ही अंगणात थोडा वेळ बसलो. लेकीने मला फोनवर हवामान दाखवलं, मी तिला पायातली चप्पल दाखवली, अंगठा तुटला होता. उरलेली संध्याकाळ चांभार शोधण्यात गेली. ला सेरेनात चांभार मिळतो, पण "उद्या या" तोही म्हणतो.

दुसरा दिवस : विकुन्या

विकुन्या साठ किलोमीटर. बस एल्की नदीच्या काठाकाठाने वर चढत जाते. दोन्हीकडे डोंगर असे की गवताची काडी नाही, आणि खाली नदीलगत हिरवी पट्टी, द्राक्षाचे मांडव. मी तर ओरडलेच, "अगं, हा आपला माण-आटपाडीचा डोंगर आणि तासगावची बाग एकाच फोटोत!" लेकीने इकडेतिकडे पाहिलं. आपल्या मराठीकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

वाटेत पुक्लारो धरण लागलं. वारा एवढा की पाण्यावर लोक पतंगाला लटकून फळीवरून पळत होते. १९९९ साली धरण झालं तेव्हा ग्वायिग्वाइका नावाचं गाव पाण्यात गेलं आणि वरच्या अंगाला नवं वसवलं. आमच्या पुढच्या सीटवरच्या आजी ते गाव येताच खिडकीतून खाली पाण्याकडे बघत राहिल्या, नव्या गावाकडे नाही. कोयनेचे आणि उजनीचे लोक बसमध्ये असेच बघतात.

विकुन्यात चौकाशेजारी एक लाल लाकडी मनोरा आहे. जर्मनीहून आणून १९०५ साली उभारलेला, किल्ल्याच्या खेळण्यासारखा. चौकाला बाईंचं नाव, रस्त्याला बाईंचं नाव, आइस्क्रीमच्या दुकानात बाईंचा फोटो. लुसिलाचा जन्म इथला, ७ एप्रिल १८८९. पुढे तिने स्वतःला गाब्रिएला मिस्त्राल हे नाव घेतलं आणि जग तिला त्याच नावाने ओळखतं. संग्रहालयाच्या आवारात तिच्या जन्मघराची प्रतिकृती आहे. आत गेल्यावर वाकावं लागतं असं नाही, पण आपण आपोआप वाकतो.

या गावाने एवढं नाव द्यावं याची गंमत वाटते, कारण याच गावाने तिला दगड मारले होते. तेही शब्दशः. लहानपणी ती इथल्या मुलींच्या शाळेत होती. मुख्याध्यापिकाबाईंना दिसत नसे, लुसिला त्यांचा हात धरून त्यांना ने-आण करायची. मुलींना लिहायचे कागद वाटायचं काम तिच्याकडे होतं. स्वभाव बुजरा, कोणी हात पुढे केला की नाही म्हणवत नसे, मुली हव्या तेवढ्या कागदांवर हात मारायच्या. वर्ष संपायच्या आत कागद संपले. चोरीचा आळ लुसिलावर आला, तोही भर वर्गात. शाळा सुटल्यावर मुली चौकात टपून बसल्या होत्या, त्यांनी तिला दगडांनी मारलं. नोबेल मिळाल्यावरसुद्धा ती हे विसरली नव्हती.

लेक पुढच्या दालनात गेली तरी मी तिथेच उभी होते. आमच्या शाळेत एकदा पोषण आहाराचा तांदूळ वजनात अकरा किलो कमी भरला. भर बैठकीत एक साहेब म्हणाले, "बाई, घरी चूल मोठी आहे वाटतं." सगळे हसले. पुढच्या आठवड्यात गोणी हलवली तर खाली घुशीने कोरलेलं भोक, आणि भिंतीपर्यंत तांदळाची रेघ. मी साहेबांना निरोप धाडला. ते आले नाहीत. शेरा मात्र वहीत तसाच राहिला. नवऱ्यालासुद्धा मी त्या दिवसाचं सगळं सांगितलं नव्हतं. लेक परत येऊन म्हणाली, "आई, डोळ्यांत काय गेलं?" म्हटलं, धूळ. विकुन्यात धुळीला तोटा नाही.

तिसरा दिवस : मोंतेग्रांदे

विकुन्यापासून पुढे दरी अरुंद होत जाते. मिस्त्रालबाईंनी आपल्या कवितेत हिला शंभर डोंगरांनी वेढलेली म्हटलंय, शंभर किंवा जास्तच. मोजायला लागलं की बावीस-तेविसाव्या डोंगराशी वळण येतं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं. बस थांबते तिथे एक चर्च, एक छोटा चौक, मिरचीच्या झाडांची सावली. आपली तिखट मिरची नव्हे, लोंबत्या पानांचं मोठं झाड असतं इथे, त्याला गुलाबी मिरीसारखे मणी लागतात. बस्स, एवढंच मोंतेग्रांदे.

चौकापासून दोन पावलांवर ती शाळा. मातीच्या विटांच्या भिंती, वर ऊन, आत गारवा. थोरली सावत्र बहीण एमेलिना इथली शिक्षिका. लुसिलापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. बाप निघून गेल्यावर तिच्याच पगारावर घर चाललं. एकाच इमारतीत शाळा, टपाल कचेरी आणि राहायची खोली. शाळाखोलीत बाकं मांडून ठेवलीत, भिंतीवर फळा. पलीकडच्या खोलीत खाट. दोन्हींमधे एक उंबरठा. मी तो उंबरठा तीनदा ओलांडून पाहिला. आमच्या वस्तीशाळेला दोन वर्षं खोली नव्हती, एका शेतकऱ्याच्या ओसरीवर शाळा भरायची, आणि वर्ग सुटला की त्याच ओसरीवर त्यांची म्हातारी सासू गोधडी पसरायची. शाळेला घराचा वास आणि घराला खडूचा.

राखणदार बाईंनी लेकीला विचारलं, या कोण? लेक म्हणाली, माझी आई, प्रोफेसोरा आहे. इथे प्राथमिकच्या बाईंनाही प्रोफेसोरा म्हणतात, हे मला फार आवडलं. कुठला विषय, त्यांनी विचारलं. मी मराठीतच म्हटलं, "पहिली ते चौथी, सगळे." लेकीने सांगितल्यावर त्यांनी फळ्याकडे बोट केलं आणि मागच्या बाकावर मला बसवलं. तिथे बसून मी या बाईंचं सेवापुस्तक मनात लावून पाहिलं. एरवी लोक त्यांच्या कविता बघतात. मला बदल्या दिसतात.

कॉम्पान्यिया बाहा. ला कांतेरा. लोस सेर्रियोस. तिथवर सगळं बिनपदवीचं. १९१० साली सान्तियागोला जाऊन तिथल्या नॉर्मल स्कूलमध्ये बाहेरून परीक्षा दिली आणि शिकवण्याचं प्रमाणपत्र हातात आलं. मग दक्षिणेला त्राइगेन. १९११ ला एकदम उत्तरेच्या वाळवंटात, आंतोफागास्ता. १९१२ ला लोस आंदेस, तिथे सहा वर्षं. १९१८ ला पुंता अरेनास, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. आंतोफागास्ता ते पुंता अरेनास सरळ रेघेत मोजलं तरी सव्वातीन हजार किलोमीटर भरतं, काश्मीर ते कन्याकुमारीहून जास्त. एकीकडे पावसाचा थेंब नाही, दुसरीकडे हिवाळ्यात दिवस अगदी आखूड. आमच्याकडे तालुका बदलला तरी शिक्षक संघटना निवेदन देते!

कविता या बदल्यांच्या फटीत लिहिल्या गेल्या. ला कांतेराच्या दिवसांत रोमेलिओ उरेता नावाचा रेल्वेतला तरुण तिच्या ओळखीचा झाला होता. १९०९ साली त्याने आत्महत्या केली. त्याच्या खिशात तिच्या नावाचं कार्ड सापडलं म्हणतात. पुढे मृत्यूवरची तिची तीन सुनीतं १९१४ च्या डिसेंबरात सान्तियागोच्या काव्यस्पर्धेत पहिली आली. ती स्वतः बक्षीस घ्यायला मंचावर गेली नाही. गर्दीत बसून दुसऱ्याच्या तोंडून आपल्या कविता ऐकल्या, अशी गोष्ट इथे सगळे सांगतात. मला यात नवल वाटलं नाही. दाराजवळची खुर्ची एकदा अंगवळणी पडली की मंच लांब दिसतो.

१९२० ला बदली तेमुकोला. तिथे एक सोळा वर्षांचा किडकिडीत मुलगा कविता घेऊन तिच्याकडे यायचा, तिने त्याला रशियन कादंबऱ्या वाचायला दिल्या. तो पाब्लो नेरुदा. १९७१ साली त्यालाही नोबेल मिळालं. एका बाईंच्या सेवापुस्तकात आणखी काय लिहिलेलं असावं?

आणि तरीही १९२१ साली सान्तियागोच्या एका मुलींच्या शाळेचं मुख्याध्यापकपद तिला मिळालं तेव्हा पदवीवाल्यांनी कल्लोळ केला. हिची विद्यापीठाची पदवी कुठे आहे? पुढच्याच वर्षी मेक्सिकोचे शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी तिला शाळासुधारणेच्या कामाला बोलावलं आणि ती गेली. त्याच साली पहिलं पुस्तक 'देसोलासिओन' निघालं, तेही न्यू यॉर्कहून. चिली विद्यापीठाने तिला स्पॅनिशची शिक्षिका म्हणून रीतसर पदवी दिली ती १९२३ मध्ये, बाई परदेशात असताना. १९२५ ला पेन्शन. १९२२ नंतर ती मायदेशी तीनदाच आली, १९२५, १९३८ आणि १९५४. मधली वर्षं वाणिज्यदूत म्हणून देशोदेशी. नोबेल १९४५ साली, लॅटिन अमेरिकेतलं साहित्याचं पहिलं. चिलीचा स्वतःचा राष्ट्रीय साहित्य पुरस्कार? १९५१! जगाने सही केल्यावर सहा वर्षांनी घरच्या कचेरीने शिक्का मारला. फाइल कुठे अडली होती ते मला न विचारता कळतं.

"आई, किती वेळ बसणार?" लेक म्हणाली. बाकावर माझ्या कोपराखाली कोणीतरी नाव कोरायला सुरुवात करून सोडून दिलं होतं. 'मा' एवढंच. तेवढं बघून उठले.

बाईंचं थडगं गावाच्या टोकाला, एका छोट्या टेकाडावर. चढ फार नाही, पण ऊन डोक्यावर, आणि ला सेरेनाच्या चांभाराने शिवलेल्या चपलेवर माझा पूर्ण भरवसा नव्हता. वर दगडी चौथरा, भोवती झाडं, समोर उघडा डोंगर. १० जानेवारी १९५७ ला न्यू यॉर्कजवळ कर्करोगाने त्या गेल्या. मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की देह मोंतेग्रांदेला न्यावा, आणि दक्षिण अमेरिकेत पुस्तकांचे जे पैसे येतील ते इथल्या मुलांना द्यावेत. १९६० साली त्यांना सान्तियागोहून इथे आणलं. शिळेवर त्यांचंच वाक्य आहे. लेकीने सावकाश मराठीत सांगितलं : आत्मा शरीरासाठी जे करतो, तेच कलावंत आपल्या लोकांसाठी करतो.

शेजारी यिन यिन आहे. बाईंनी वाढवलेला भाचा, खरं नाव हुआन मिगेल. ब्राझीलमध्ये पेत्रोपोलिसला १९४३ साली त्याने विष घेतलं, कोवळ्या वयात. दोन वर्षांनी त्याच गावात रेडिओवर बाईंनी नोबेलची बातमी ऐकली. त्याला इथे आणायला २००५ उजाडलं. मी बॅगेतून तिळाचा लाडू काढला होता, तिथे ठेवावा असं मनात होतं. पण मुंग्या दिसल्या आणि लेकीचा चेहराही दिसला. परत कागदात गुंडाळला.

उतरताना शाळेची सहल वर चढत होती, वीस-पंचवीस पोरं, दोन शिक्षिका. एक बाई पुढे, एक मागे. मागचीच्या हातात पाण्याच्या तीन बाटल्या, एक टोपी आणि कुणाचा तरी एक बूट. ओळख द्यायची गरज पडली नाही. आम्ही एकमेकींना बघून हसलो.

चौथा दिवस : पिस्को एल्की

मोंतेग्रांदेहून थोडं पुढे. या गावाचं नाव पूर्वी ला उनिओन होतं. पिस्को या द्राक्षाच्या दारूवर पेरू हक्क सांगतो म्हणून १९३६ साली चिलीने गावाचंच नाव बदलून टाकलं. असा पुरावा मी आजवर पाहिला नव्हता. दिवसभर उन्हाचा तडाखा होता, काही केलं नाही. तासगावला द्राक्षाचा बेदाणा होतो हे मी घरमालकिणीला सांगितलं, ती म्हणाली बेदाणा इथेही होतो, पण पिस्कोतच पैसा आहे. तासगावकरांना हा निरोप दिला आहे.

रात्री अंगणात लेकीने आभाळ दाखवलं. वायव्येला मृग नक्षत्र, पण उलटं! व्याधाचा बाण वरून खाली निघालेला. आपण पृथ्वीच्या खालच्या अंगाला आहोत हे मला विमानात नव्हतं पटलं, तिथे पटलं. अंधारात ती फोनवरून बाईंच्या मुलांसाठीच्या कविता वाचत होती. अंगाया आहेत, आणि 'रोंदा' आहेत, म्हणजे हात धरून फेर घालत म्हणायची गाणी, आपल्या भोंडल्यासारखी. मधे हत्ती असतो की नाही ते विचारायचं राहिलं. एक कविता अनवाणी पोराच्या थंडीने निळ्या पडलेल्या पायांवर आहे. लोक बाजूने जातात आणि त्यांना ते पाय दिसत नाहीत. ऊसतोडीहून परत आलेली पोरं माझ्या शाळेत फेब्रुवारी-मार्चला यायची, त्यांच्या टाचा आठवल्या. निळ्या नव्हेत, काळ्या आणि चिरलेल्या. हजेरी घेताना मी आधी पाय बघायची, मग नाव.

'देसोलासिओन'मध्ये रवींद्रनाथांच्या कवितांवर बाईंचं टिपण आहे, हे लेकीला तिच्या ऑफिसातल्या कोणी सांगितलं होतं. मी म्हटलं, त्यांनीही शाळाच काढली होती. "आणि त्यांचंही डी.एड. नव्हतं," लेक म्हणाली.

पाचवा दिवस : परत

सकाळच्या बसला निघालो. पाकिटात सुटं काही नव्हतं, एक पाच हजारांची नोट तेवढी, बाईंचा चेहरा वर. केस मागे घेतलेले, नजर थेट, हसू नाही. तपासणीला आलेल्या माणसाकडे आपण बघतो तसं.

"ही ठेव ना आई, आठवण म्हणून. मी कार्डाने देते," लेक म्हणाली. पण बसमध्ये कार्ड चालत नव्हतं, आणि ड्रायव्हर हात पुढे करून थांबला होता. दिली. त्याने नोट उजेडात धरून पाहिली, डब्यात टाकली आणि दोन तिकिटं फाडली. उरलेले पैसे सगळी चिल्लरच दिली, मूठभर. विकुन्यापर्यंत मी ती मोजत होते. शंभर पेसो कमी भरले. लेक म्हणाली, जाऊ दे. मी पुन्हा मोजले. शंभराचं नाणं पदरात अडकलं होतं.